परवान्याचे यंत्र आणि पाड्यावरचे घर

गेल्या वर्षी मी वर्गात निबंधाला विषय दिला होता: 'संगणक आणि घरांचा प्रश्न'. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून येणाऱ्या मुलाने वर्तमानपत्रातली सगळी माहिती नीट उतरवून आणली. पूर्वी बांधकामाच्या परवान्याला महिनेच्या महिने लागत. आता नकाशा संगणकावर चढवला की थोड्या दिवसांत परवाना मिळतो. परवाने लवकर मिळाले की घरे लवकर उठतील आणि घरे उठली की टंचाई हटेल. शेवटची ओळ तेवढी त्याची स्वतःची होती. घर बांधायला परवाना लागतो हे आपल्याला हा निबंध लिहिताना समजले, आपल्या आजोबांनी घर बांधले तेव्हा फक्त जंगलाचा शिपाई येऊन पाहून गेला होता, असे त्याने लिहिले होते.

या ओळीला किती गुण द्यावेत हे मला ठरवता आले नाही. हा लेख त्या ओळीमुळे लिहितो आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या चळवळीतले काही मित्र संगणकाचे नाव निघाले की त्याची आरती तरी करतात, नाहीतर त्याला शिव्या तरी देतात. दोन्हींना माहितीची गरज लागत नाही.

शहरात घर बांधायचे म्हणजे कलमांच्या गर्दीतून वाट काढायची. भूखंडावर किती बांधता येईल ते चटईक्षेत्र निर्देशांक सांगतो. चारी बाजूंनी किती जागा मोकळी ठेवायची ती सामासिक अंतरे. इमारतीची उंची, जिन्याची रुंदी, गाड्यांची जागा, प्रत्येकाचा आकडा वेगळा. पूर्वी महापालिकेतला अभियंता नकाशा टेबलावर पसरून, पट्टी लावून हे सारे तपासत असे. जितके टप्पे तितकी टेबले, आणि टेबलाखालून काय चाले ते शहरात घर बांधलेल्या कुणालाही विचारावे. संगणकाच्या पद्धतीत वास्तुविशारद नकाशा ठरावीक थरांत काढतो. भूखंडाची हद्द एका थरात, भिंती दुसऱ्यात, जिना तिसऱ्यात. यंत्र हे थर वाचते, अंतरे मोजते, नियमातल्या आकड्यांशी ताडून पाहते आणि कुठे किती कमी पडले याचा अहवाल देते. 'ऑटो-डीसीआर' नावाची अशी प्रणाली पुण्याच्याच सॉफ्टटेक या कंपनीने बनवली. पुणे महापालिकेने ती वापरात आणली आणि पुढे ती इतर शहरांत गेली.

यंत्राला शिकवायचे तर नियम एकसारखे हवेत. गावागणिक नियम वेगळे असताना ते अवघड होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई आणि काही खास क्षेत्रे वगळून उरलेल्या महाराष्ट्राला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्यात लहान घराला मोठी सवलत आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने नकाशा, मालकीचा कागद आणि शुल्क सादर करायचे. परवानगीच्या वेगळ्या कागदाची वाट पाहत बसायचे नाही. त्यापुढे तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निकाल द्यायचा. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये वणव्यांनी हजारो घरे जाळली, तेव्हा तिथल्या राज्यानेही नकाशे तपासायला कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आणली. जळलेल्या घराचा मालक पुन्हा उभा राहायचा तर त्याला वर्षभर खिडकीशी तिष्ठत ठेवू नये, हा हेतू चांगलाच आहे. मी या सगळ्याचे स्वागत करतो. ज्या टेबलाखाली आमच्या माणसाचा खिसा रिकामा झाला, ते टेबल मोडले तर आम्ही कशाला रडायचे?

पण यंत्राचा पहिला प्रश्न नकाशाविषयी नसतो. यंत्र आधी विचारते: जागा कुणाची? सातबारा जोडा, मिळकत पत्रिका जोडा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा जोडा. हा रकाना कोरा ठेवून पुढचे पान उघडत नाही. परवान्याचा वेग मोजणारे लोक घड्याळ चालू करतात ते हा रकाना भरल्यानंतर. त्याआधी गेलेली वर्षे, काही घरांत तर पिढ्या, कोणत्याच घड्याळात येत नाहीत.

आता टंचाई कुणाला आहे ते पाहू. केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली शहरांतली घरांची कमतरता १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी धरली होती, आणि तिच्यातली पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कमतरता दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांतून एक कोटीहून जास्त घरे रिकामी पडलेली आढळली. खेड्यांतली कमतरता बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी ४ कोटी ३६ लाख ७० हजार धरली गेली. तीही बहुतांश दारिद्र्यरेषेखालच्यांचीच. परवाना लवकर मिळाल्याने बांधणाऱ्याचे व्याज वाचते आणि बांधकाम वाढते हे खरे आहे. पण जो बांधणारा रिकामी घरे ठेवून बसला आहे, त्याला परवाना आणखी लवकर दिल्याने पाड्यावरच्या कुडाच्या भिंतीला वीट लागणार नाही. दोन्ही प्रश्नांना 'घरांचा प्रश्न' हे एकच नाव दिल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला दिले जाते.

इथे थोडे घरचे सांगतो. मी सातवीत असताना आमच्या घराला शासनाचे घरकुल मंजूर झाले. वस्ती अर्थातच गावाच्या कडेला. वडील द्राक्षबागेत मजुरीला जात. मंजुरीचा आनंद आठवडाभर टिकला. मग कळले की ज्या जागेवर आम्ही तीन पिढ्या राहत होतो, ती ग्रामपंचायतीच्या वहीत वडिलांच्या चुलत्याच्या नावावर होती, आणि तो चुलता माझ्या जन्माआधी वारला होता. त्याच्या वारसांच्या सह्या आणा, असे एका कार्यालयात सांगण्यात आले. एक वारस भिवंडीला, एक कुठे ते कुणाला ठाऊक नव्हते. एका मध्यस्थाने 'मी बघतो' म्हणून वडिलांच्या पंधरवड्याची मजुरी घेतली. घर झाले ते मी बारावी झाल्यावर. तोवर आईने दर पावसाळ्यात माझी पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून पेटी उंच दगडावर ठेवली. त्या पाच वर्षांत घराचा नकाशा कुणी तपासलाच नव्हता. अडले होते ते वहीतल्या नावापाशी.

यंत्राला जात नसते, असे आमचे एक सहकारी प्राध्यापक नेहमी सांगतात. बरोबर आहे. पण यंत्र वही वाचते, आणि वहीला इतिहास असतो. गावठाण कुठे संपते ही रेघ ज्यांनी आखली त्यांनी महारवाडा, मांगवाडा कुठे ठेवला हे वाचकांना सांगायला नको. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी शासनाने आयोग नेमावा आणि पडीक सरकारी जमीन त्याच्या हाती द्यावी, अशी मागणी केली होती, ती याच कारणाने. घराचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न आहे हे त्यांनी तेव्हाच मांडून ठेवले. आमच्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह चालवला, तेव्हा माणसांनी तुरुंग भरले ते पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी. त्या तुकड्यावर जसे पीक उभे राहणार होते तसे घरही.

दिंडोरीच्या पलीकडे सह्याद्रीच्या कडेला, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा आहे. जुने संस्थान, १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी: कोकणा, वारली, महादेव कोळी आणि इतर. सुरगाणा गावाला आता नगरपंचायत आहे. तिथे बाजारपेठेत स्लॅबची घरे दिसतात आणि नव्या नियमावलीचा उपयोग होईल तर तिथे होईल. पण तालुका राहतो तो पाड्यांवर. एका महसुली गावाचे पाच-सहा पाडे, एकमेकांपासून ओहोळ आणि टेकडी ओलांडून. लाकडी मेढी, कारवीचा किंवा बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचे सारवण, वर कौले. पाऊस धो धो पडतो, आणि मार्च उजाडला की हंडाभर पाण्यासाठी बाया दरीत उतरतात.

या पाड्यावरच्या घराखालची जमीन तीन प्रकारची असू शकते. काही घरे गावठाणात आहेत; ती नशीबवान. काही मालकीच्या शेतात आहेत, पण सातबाऱ्यावर आजोबाचे नाव आणि खाली नऊ वारस. तिसरा प्रकार मोठा आहे: वनजमीन. माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतो, नागली-वरई पिकवतो, पण वहीत ती जागा 'वन' आहे आणि वहीच्या भाषेत तो अतिक्रमक आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे उलटे केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत जमिनीवर हक्क मिळतो, आणि कायद्याचे शब्द केवळ कसण्यापुरते नाहीत, राहण्याचा हक्कही त्यांत आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हलवता येत नाही, असेही त्यात लिहिले आहे. तरीही २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत गेले, त्यांत सुरगाण्याची माणसे फार मोठ्या संख्येने होती, आणि त्यांच्या मागण्यांत वनजमिनीची मागणी पुढे होती. बारा वर्षांनंतरही दावे पडून होते, क्षेत्र कमी करून मंजूर होत होते. पुढे १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित केला. ज्याच्या डोक्यावर पंधरा दिवस असा आदेश टांगलेला होता, तो पक्क्या विटा का रचत नाही, हे विचारायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

आता घरकुलाचे यंत्र पाहू. शहरातल्या परवान्याच्या यंत्राहून ते वेगळे आहे आणि पाड्यावरच्या माणसाचा संबंध येतो तो याच्याशी. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ च्या नोव्हेंबरात प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. घर किमान २५ चौरस मीटरचे. मदत सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगरी व दुर्गम भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. लोखंड-सिमेंट कुठल्या कुठे गेले तरी मूळ आकडा हलला नाही. २०२५ साली राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर घालायचे ठरवले. आदिवासींसाठी शबरी आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई या राज्याच्या योजना वेगळ्या आहेत.

प्रधानमंत्री आवासचा सगळा हिशेब 'आवाससॉफ्ट' नावाच्या प्रणालीवर चालतो. अभियंता किंवा ग्रामसेवक मोबाईलवर राहत्या घराचा आणि नव्या जागेचा फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. जोते झाले की पुन्हा फोटो, भिंती झाल्या की फोटो, छत झाले की फोटो. फोटो मान्य झाला की हप्ता थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात. या पद्धतीने एक मोठे काम केले आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल: कागदावरची घरे कमी झाली. एकाच घराचा फोटो चौघांच्या नावावर लावणे आता सोपे राहिले नाही. माझ्या वडिलांच्या वेळी ही सोय असती, तर पंधरवड्याची मजुरी तरी वाचली असती.

पण सुरगाण्यात हेच यंत्र कसे अडते पाहा. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. फोटो घ्यायला माणूस येतो तेव्हा घराला कडी असते. बांधकामाचे कोरडे महिने आणि मजुरीचे महिने एकच. पहिला हप्ता पंधरा हजारांचा. तेवढ्यात जोते होत नाही, म्हणून उरलेले पैसे मजुरीतून आणायचे, आणि मजुरीला गेले की जोते राहते. कागदावर याचे नाव 'अपूर्ण घरकुल' असे पडते आणि लाभार्थी आळशी ठरतो. शिवाय फोटो वर चढायला मोबाईलची रेंज लागते. काही पाड्यांवर ती एका विशिष्ट दगडावर उभे राहिले तरच मिळते.

यादीची गोष्ट आणखी वेगळी. आधी २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून यादी केली, मग २०१८-१९ मध्ये सुटलेल्यांसाठी 'आवास प्लस' सर्वेक्षण झाले. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या काकाचे नाव त्यात आले आणि यंत्राने ते गाळले. कारण दुचाकी. त्या पाड्यापर्यंत एसटी येत नाही. काकाने जुनी मोटारसायकल घेतली होती ती बायकोला बाळंतपणाला नेताना झोळी करावी लागली म्हणून. २०२४ मध्ये दुचाकीची अट काढून टाकण्यात आली आणि नव्या सर्वेक्षणात स्वतःच्या मोबाईलवरून चेहरा ओळखवून माहिती भरण्याची सोय झाली. चूक दुरुस्त झाली हे चांगलेच. पण मधली वर्षे त्या काकाने कुणाशी भांडायचे होते? पूर्वी 'साहेब, माझे ऐका' म्हणता येत होते. साहेब ऐकत नसे, पण तो कुठे बसतो ते माहीत होते. यादीतल्या 'अपात्र' या शब्दाला खुर्ची नाही.

आणि जागेचा रकाना इथेही आहेच. भूमिहीनाला जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे. तिची मदत ५० हजारांवरून २०२४ मध्ये एक लाख झाली. सुरगाण्यासारख्या भागात ती भूमिहीन बौद्ध किंवा चर्मकार कुटुंबाला फारशी उपयोगाची नाही, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी घेता येत नाही. यावर आपल्यातले काहीजण कुरकुरतात. मला ती कुरकुर मान्य नाही. ते कलम सैल झाले तर जागा आपल्याला मिळणार नाही, नाशिकच्या बंगलेवाल्याला मिळेल. अशा कुटुंबांसाठी शासनाने सरकारी जागा गावठाणात आणावी, हाच मार्ग आहे.

गावठाण मोजायचे यंत्रही आता आले आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख खात्याने ड्रोनने गावठाणाची मोजणी करून पाहिली. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली आणि ज्या गावठाणांची मोजणी कधीच झाली नव्हती तिथल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. माझ्या मते परवान्याच्या यंत्रापेक्षा हे यंत्र शंभर पटींनी महत्त्वाचे आहे, कारण ते त्या पहिल्या रकान्यालाच हात घालते. अडचण एवढीच की ड्रोन मोजतो ते गावठाण. वहीत जो पाडा गावठाण नाही, त्याच्यावरून ड्रोन नुसता उडत जाईल. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिलेला आहे. तो आधी वापरला गेला पाहिजे, मग ड्रोन.

वनजमिनीवरच्या पाड्यांसाठी दोन गोष्टी आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ कराव्यात. पहिली: २३ सप्टेंबर २०२० ची राज्यपालांची अधिसूचना. पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून काढलेल्या या अधिसूचनेने वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला. मूळ कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येत होती. घराचा त्यात उल्लेख नव्हता. आता वननिवासी कुटुंबांच्या घरांसाठी शेजारच्या वनजमिनीत गावठाण वाढवता येते. दुसरी: वनहक्क नियमांत २०१२ साली घातलेली तरतूद. उपग्रहाचे चित्र किंवा तसले तंत्रज्ञान हे पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, इतर पुराव्यांच्या जागी नाही, असे नियम १२-अ सांगतो. आणि इतर पुरावे कोणते? घर, झोपडी, बांध, विहीर, दफनाची जागा आणि वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदन. म्हणजे ज्या देशात यंत्राचे म्हणणे शेवटचे मानायची घाई चालली आहे, त्याच देशाच्या एका नियमाने म्हातारीच्या बोलण्याला उपग्रहाच्या शेजारी बसवले आहे. उपग्रहाला कारवीच्या कुडाचे घर झाडीत दिसत नाही. शेजारणीला ते दिसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या पाड्यावर गेलो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते; त्यांनी ती केली आहे. मुलांनी मोबाईलवर प्रत्येक घराचा फोटो काढला, जागेचे अक्षांश-रेखांश उतरवले. त्याची आजी उंबऱ्यात बसून पाहत होती. "गुरुजी, यात आमचा आंबा येतो का?" तिने विचारले. घराची हद्द तिच्या लेखी आंब्यापासून ओहोळापर्यंत होती. आंबा तिच्या सासऱ्याने लावला होता. आम्ही तिचे सांगणे जसेच्या तसे लिहून घेतले, खाली तिचा अंगठा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. गावठाण वाढवून मिळावे असा ठराव ग्रामसभेने हात वर करून मंजूर केला. बावीस घरे, बावीस फोटो, सात निवेदने. मुलाने सगळ्याची एक प्रत संगणकावर चढवली आणि एक कागदावर काढून, पावसाळा लागण्याआधी, तालुक्याला नेऊन दिली. पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही.